मास्तर न आवडलेल्यांसाठी (आणि आवडलेल्यांसाठीही): 'सामना'

शेवगा

आमच्या सोसायटीत अधूनमधून गच्चीवर पडदा लावून जुने मराठी सिनेमे दाखवतात. परवा 'सामना' होता. संपल्यावर चहा घेताना वाद सुरू झाला, तो पार्किंगपर्यंत उतरला, तिथून व्हॉट्सॲपवर गेला आणि ॲडमिनने हात जोडले, म्हणून आता इथे आणते आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७५च्या आसपासचा सिनेमा. कथा, पटकथा, संवाद विजय तेंडुलकरांचे. जब्बार पटेलांचं हे पहिलंच चित्रपट दिग्दर्शन. निर्माते रामदास फुटाणे. निळू फुले म्हणजे हिंदुराव धोंडे पाटील, साखरपट्ट्यातला सर्वेसर्वा. डॉ. श्रीराम लागू म्हणजे मास्तर: एके काळचा गांधीवादी, आता दारूत बुडालेला, घर ना दार. हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. आणि मग मास्तरच्या तोंडी तो प्रश्न येतो, जो सिनेमा न बघितलेल्यांनाही पाठ आहे: मारुती कांबळेचं काय झालं?

आमच्या गच्चीवरच्या निम्म्या लोकांना मास्तर अजिबात आवडला नाही. 'ज्याचं खातो त्याच्यावरच उलटतो', 'लागू नाटकात असल्यासारखे बोलतात', 'हा तर हरलेला माणूस, याच्याकडून काय घ्यायचं' वगैरे.

माझं मत उलट आहे. आपल्याकडे ध्येयवादी माणूस बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांदेखत मोडतो. पहिल्या अंकात तेजस्वी भाषणं, तिसऱ्या अंकात खोकला. मास्तर मोडूनच आलेला आहे. कशाने मोडला, कधी मोडला, याचा हिशेब सिनेमा देत बसत नाही, आणि तोही मागत नाही. त्यामुळे मला त्याची कीव येत नाही, थोडी भीतीच वाटते. गमावण्यासारखं काही न उरलेला माणूस पाहुणा म्हणून घरात बसलाय!

तुम्हाला काय वाटलं? एक विनंती: शेवट फोडू नका. आमच्याकडच्या दोघीजणी मध्यंतरानंतर मुलांना झोपवायला गेल्या, त्या हा धागा वाचणार आहेत.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्नचा प्रबंध झालेला आहे.

तिरकस_तात्या

शेवगा, लेखन छान पण मास्तर काही पचला नाही. पूर्वीही नाही, आताही नाही.

फुकटची पितो, फुकटचं खातो, लोडाला टेकतो आणि तिथूनच सदसद्विवेकबुद्धी चालवतो. अहो, प्रश्न विचारायचाय ना? आधी पाटलाच्या वाड्याबाहेर पडा, धर्मशाळेत राहा, मग विचारा. यजमानाच्या बाटलीतून बळ आणून विचारलेला प्रश्न म्हणजे नैतिकतेची उधारी. तेंडुलकरांना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण प्रेक्षकांना ते कळत नाही. प्रेक्षक लागूंचा आवाज ऐकून हळवे होतात.

आणि हो, अभिनय. निळूभाऊ नुसते बसलेले असतात. पान लावतात, बघतात, हसतात. तेवढ्यात अख्खा तालुका दिसतो. लागू प्रत्येक वाक्यामागे एक सुस्कारा ठेवतात. रंगमंचावर शेवटच्या रांगेसाठी ते लागतं, कॅमेऱ्याला नाही. 'सामना' हा निळू फुल्यांचा सिनेमा आहे, मास्तर हे निमित्त.

पिठलंभाकरी

तात्या, निळू फुल्यांबद्दल +१००. लागूंबद्दल −१. बास, कामाला लागते.

ऊसकरी

मी राहात्याकडचा. त्यामुळं आमच्याकडं हा सिनेमा वेगळा दिसतो, ते सांगतो.

आमच्या घरात हिंदुरावला व्हिलन म्हणणारं कोणी नव्हतं. म्हणजे चांगला माणूस म्हणत नव्हते, पण व्हिलन नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पडद्यावर गुंड दिसतो. आमच्या आजोबांना चेअरमन दिसायचा. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०चा. तो उभा करणारे विठ्ठलराव विखे, धनंजयराव गाडगीळ ही नावं पुस्तकात वाचायच्या आधी आमच्याकडं ओसरीवर ऐकलेली. त्याच्या आधी काय होतं? सावकार होता, अडत्या होता, आणि उसाचा गूळ करून पडेल त्या भावाला विकणं होतं. कारखाना आला, सभासदाचा शेअर आला, ऊस नोंदवला की तोड येणार, काट्यावर वजन होणार, पहिली उचल मिळणार, हे आलं. मागून शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता. हे एखाद्या मास्तरनं नाही केलं. ज्यांनी केलं त्यांच्यातलेच काही पुढे हिंदुराव झाले. ही मधली पायरी तुम्ही लोक विसरता.

आता मास्तर. त्यानं आयुष्यात काय उभं केलं? सिनेमा तर सांगत नाही. एक बालवाडी? एक विहीर? नुसतं 'काय झालं, काय झालं'. प्रश्न विचारायला काय लागतं राव?

(काटामारी, मुकादमाची दादागिरी, टोळीतल्या बायकांचे हाल, सगळं माहितीये. कोणी शिकवायला येऊ नका.)

शेवगा

ऊसकरी, फार नेमका प्रतिसाद. पण 'प्रश्न विचारायला काय लागतं' याचं उत्तर सिनेमातच आहे की. मारुती कांबळेनेही गावात तोंड उघडलं होतं. पुढे त्याचं काय झालं, याभोवतीच अख्खा सिनेमा फिरतो. म्हणजे बोलण्याची किंमत काय असते हे गावाला ठाऊक आहे, म्हणून गाव गप्प आहे. बाहेरून आलेल्या बेवड्यालाच ती किंमत परवडते.

तात्या, 'नैतिकतेची उधारी' आवडलं. पण मास्तर स्वतःला स्वच्छ कुठे म्हणवतो? आपण पाटलाचं मीठ खातोय हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तिरकस_तात्या

कळून खातो, म्हणून तर जास्त राग. न कळता खाणाऱ्याला माफ करता येतं.

बोरूबहाद्दर

थोडं सनावळीचं. मास्तर नेमका त्याच वर्षांत का आला, याचा विचार केल्याशिवाय तो 'एक दारुडा' एवढाच दिसेल.

१९७२ हे स्वातंत्र्याचं रौप्यमहोत्सवी वर्ष. त्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, केंद्राची पेन्शन योजना सुरू झाली. त्याच साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ, खडी फोडायला लागलेली माणसं, आणि त्यातून पुढे आलेली रोजगार हमी. जिल्हा परिषदा येऊन दहा वर्षं झालेली. म्हणजे खेड्यात सत्ता पोचली होती, पैसा पोचला होता, आणि ज्यांनी हे सगळं व्हावं म्हणून तरुणपणी घर सोडलं होतं त्यांच्या हातात सरकारने तांब्याचा पत्रा ठेवला होता. धन्यवाद, आता बसा.

माझे आजोबा साताऱ्याकडच्या प्रतिसरकारात होते. मोठे कोणी नाहीत. निरोप पोचवणं, माणसं लपवणं. पेन्शन घेतली. ताम्रपट ट्रंकेत गोधड्यांच्या खाली ठेवला. भिंतीवर लावा म्हटलं की चिडायचे. का, ते कधीच सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. ते प्यायचे नाहीत, मास्तरसारखे सुंदर बोलायचेही नाहीत. पण लागूंनी मान खाली घालून जी एक नजर वापरली आहे, ती मी घरात बघितलेली आहे. त्यामुळे 'नाटकी' म्हणवत नाही.

दुसरं, दारूचं. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला तो गांधींच्या कार्यक्रमातलं एक मोठं कलम म्हणून. पुढे महाराष्ट्राने ती बंदी हळूहळू सैल केली. आणि साखर कारखान्याची मळी कुठे जाते? आसवनीत. ज्याने पिकेटिंग केलं असेल तोच आता पितो, आणि पितो ते उसाच्याच पोटातून आलेलं. गांधीवाद्याच्या हातात बाटली देणं ही तेंडुलकरांनी केलेली सगळ्यात क्रूर गोष्ट आहे, आणि तीसुद्धा न सांगता.

अनुस्वार

बोरू, मळीचा मुद्दा जबरी. यापूर्वी कुठे वाचला नव्हता.

तांत्रिक भर: 'नाटकी' या आरोपावर. ही सगळी मंडळी नाटकातूनच आलेली आहेत. जब्बार पटेल, मोहन आगाशे, भास्कर चंदावरकर हे त्रिकूट १९७२च्या 'घाशीराम कोतवाल' नाटकाचं. निळू फुले लोकनाट्यातून आले आणि 'सखाराम बाइंडर'ही त्यांनीच उभा केला, चंपा झाल्या होत्या लालन सारंग, त्याही 'सामना'त आहेत. तेव्हा निळू फुले सिनेमाचे आणि लागू नाटकाचे अशी वाटणी बरोबर नाही. दोघेही नाटकाचे, दोन वेगळ्या नाटकांचे. लागू संहितेच्या रंगभूमीवरून बोलतात, निळू फुले वगाच्या. एकाला पूर्ण वाक्य लागतं, दुसऱ्याला अर्धं पुरतं. एकाच खोलीत या दोन शाळा समोरासमोर बसवल्या, यातच अर्धा 'सामना' झाला. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

झुंजूमुंजू

मी बहुधा इथे सगळ्यांत लहान. खरं सांगू? दीडपट वेगाने बघितला. वाद चांगला आहे, पण 'थकलेला, पिणारा, एके काळचा सच्चा माणूस जुनं प्रकरण उकरतो' हे आता प्रत्येक वेबमालिकेत असतं. पोलीस असतो, पत्रकार असतो, दाढी वाढलेली असते. मला मास्तरमध्ये नवीन काही दिसलं नाही.

शेवगा

झुंजूमुंजू, त्या मालिकांमधल्या माणसाला शेवटी काहीतरी परत मिळतं. नोकरी, मुलीचा फोन, निदान दाढी. मास्तरला प्रकरण सोडवून स्वतःचं काही परत मिळवायचं नाहीये, हा फरक मला मोठा वाटतो. आणि दीडपट वेगाने लागू? ते म्हणजे पुरणपोळी मिक्सरमधून.

झुंजूमुंजू

हाहा. बरं, सावकाश बघते पुन्हा. वचन देत नाही.

लिंबलोण

'पिंजरा' कोणीच कसा काढला नाही अजून? १९७२. तिथेही लागू, तिथेही गुरुजी, तिथेही गाव, तिथेही निळू फुले. आणि किती वेगळा सिनेमा!

'पिंजरा'तला मास्तर तमाशाला गावाबाहेर काढायला निघतो आणि नर्तकीच्या मोहात पडतो. पुढे त्याचा खून झाला असं गाव समजतं, पुतळा उभारतं, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप तो स्वतःवर घेतो. का? तर पुतळा टिकावा म्हणून. म्हणजे माणूस मेला तरी चालेल, आदर्श शाबूत राहिला पाहिजे. दिग्दर्शक शांतारामबापूंना आदर्शांची काळजी होती. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि पुतळ्याला नमस्कार करतो.

'सामना'त बरोब्बर उलटं. आदर्श केव्हाच मेलाय, पुतळा कोणी बांधलेला नाही, आणि माणूस हट्टाने जिवंत आहे. मला विचाराल तर 'पिंजरा' बघणं सोपं आहे. पतनाचं कारण दिसतं: बाई. कारण दिसलं की प्रेक्षक सुटतो. आपण नाही बुवा असल्या भानगडीत पडणार. मास्तरचं कारण दिसत नाही, म्हणून आपलं काय होईल याची खात्री देता येत नाही. तुमच्या गच्चीवरच्या लोकांना तो आवडला नाही याचं खरं कारण हे असू शकेल.

(गाणी मात्र 'पिंजरा'चीच. त्यावर वाद नको.)

पिठलंभाकरी

वाद आहे! 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' विसरलात? आरती प्रभू, चंदावरकर, रवींद्र साठे. 'पिंजरा'ची गाणी लग्नाच्या वरातीत वाजतात. हे एकट्याने ऐकायचं असतं. आणि 'सख्या रे घायाळ मी हरिणी'ही यातलंच, लताबाईंचं.

अनागर

बराच वेळ वाचतोय. मास्तर, हिंदुराव, लागू, निळू फुले, मळी, पुतळा, गाणी. सगळं झालं. ज्याच्या नावाने प्रश्न विचारला जातो त्याच्यावर किती ओळी लिहिल्यात? शेवगाताईंची एक. बाकी शून्य.

मारुती कांबळे सैन्यातून परत आलेला माणूस आहे. देशासाठी बंदूक उचललेला. आडनाव उगाच निवडलेलं नाही, हे इथे सगळ्यांना कळतं, फक्त कोणी लिहीत नाही. मोहन आगाशेंनी केलाय तो. स्मिता पाटीलही आहे यात, पटकन कोणाला आठवत नाही. सिनेमाभर मारुती म्हणजे एक कोडं आहे. त्याला काय वाटत होतं, त्याची बायको काय म्हणाली, त्याच्या वस्तीत त्या रात्री काय चाललं होतं, याला जागा कमी. आणि मास्तरच्या आत काय कालवाकालव होते याला भरपूर.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे त्याच काळात खरे मारुती कांबळे स्वतः प्रश्न विचारत होते, रस्त्यावर, स्वतःच्या तोंडाने. सिनेमात मात्र त्यांच्या वतीने विचारायला थकलेला गांधीवादी आणावा लागला. तो कसा थकला, का थकला, यावर तुम्ही पानं भरताय. मास्तर थकला की तुम्ही हळहळता. मारुतीला थकायची सोयच नव्हती.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो कोणाचा आहे, ते सांगतोय.

लिंबलोण

अनागर, हे लागलं आणि बरोबर आहे. तरीही एक बाजू मांडते. मारुती पडद्यावर फार दिसला असता तर तो 'बिचारा' झाला असता. त्या काळच्या मराठी सिनेमात दलित पात्र म्हणजे हात जोडलेलं पात्र. इथे तो दिसत नाही, पण हिंदुरावला त्याची झोपेत धास्ती आहे. हजर असलेल्या बिचाऱ्यापेक्षा गैरहजर असलेला दरारा मला बरा वाटतो.

अनागर

गैरहजर राहून दरारा निर्माण करायचा, ही कामगिरी नेहमी आमच्याच वाट्याला का येते एवढंच विचारतोय. :)

मावशी (संपादन मंडळ)

सध्याच्या आमदार-खासदारांची नावं घेऊन आलेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कारखाना, जात, राजकारण हे विषयाचे भाग आहेत, त्यावर जरूर बोला. कोण कुठल्या पक्षात गेलं यासाठी दुसरा धागा आहे, तिथे भांडा.

पायवाट

पहिल्यांदाच प्रतिसाद देते आहे, एरवी वाचनमात्र.

माझे वडील पूर्णवेळ कार्यकर्ते होते. संघटनेचं नाव लिहीत नाही. घरात पैसा आईच्या शाळेतल्या नोकरीचा. तात्यांनी 'फुकटचं खातो' लिहिलं ते वाचून हसू आलं, कारण हेच वाक्य माझ्या मामांच्या तोंडी दर दिवाळीला असायचं.

ध्येयवादी माणसाचं थकणं सिनेमात फार देखणं दाखवतात. कातर आवाज, धूर, खिडकी. घरात ते तसं नसतं. घरात ते चिडकं असतं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणं. कोर्टाची तारीख पुढे गेली की दोन दिवस कोणाशी न बोलणं. जुन्या साथीदाराला महामंडळ मिळालं की पेपर मोठ्याने वाचणं, आणि वाचताना आवाजात येणारी ती खोटी मजा. बाबा पीत नव्हते. प्यायले असते तर निदान काय चुकतंय ते लोकांना दिसलं असतं, असं आई एकदा म्हणाली होती.

मला मास्तर पटतो तो त्या कातर आवाजामुळे नाही. तो चिडतो, खेळ करतो, पाटलाला डिवचतो, मध्येच स्वतःची टर उडवतो, तेव्हा पटतो. लागूंनी हा खट्याळपणा ठेवलाय, तो तात्यांच्या सुस्काऱ्यांच्या हिशेबात आला नाही.

आणखी एक, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. पुढे लागू आणि निळू फुले, म्हणजे मास्तर आणि हिंदुराव, यांनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. अत्र्यांचं धमाल विनोदी नाटक, गावोगाव, निधी जमवायला. त्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिन्याला मानधन मिळावं ही कल्पना. थकलेल्या ध्येयवाद्याला सहानुभूती नको असते, किराणा हवा असतो, हे या दोघांना पडद्याबाहेर पक्कं कळलेलं होतं. आमच्या घरी त्यातलं काही आलं नाही. पण बाबांच्या बरोबरीच्या एकांकडे यायचं. त्यांच्या बायकोने पहिल्या रकमेतून कुकर घेतला, आणि ते ऐकून माझी आई त्या दिवशी गप्प होती.

बोरूबहाद्दर

पायवाट, लिहीत राहा. वाचनमात्र राहू नका.

ऊसकरी

निळूभाऊ मूळचे राष्ट्र सेवा दलाचे. तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेलं. म्हणजे हाडाचा मास्तर तेच. आणि बायाबापड्यांनी त्यांना शिव्या घातल्या पाटील म्हणून! आमची आजी टीव्हीवर ते दिसले की पदर सावरायची. त्यांना सांगूनही पटायचं नाही की हा माणूस समाजवादी आहे.

तिरकस_तात्या

पायवाट यांना सादर नमस्कार. कुकर वाचून दोन मिनिटं थांबलो.

पण वाद सोडत नाही. तुम्ही जे सांगताय ते तुमच्या वडिलांबद्दल खरं आहे, आणि मास्तरबद्दलही खरं असेल असं तुम्ही धरून चालताय. वडिलांनी काम केलं. तारखांना गेले. मास्तरचं काम कुठे आहे? ऊसकरींचा प्रश्न अजून तिथेच आहे. थकायला आधी काही तरी वाहिलेलं असावं लागतं. सिनेमा आम्हाला ते ओझं दाखवत नाही, फक्त वाकलेली पाठ दाखवतो आणि म्हणतो, विश्वास ठेवा.

अनुस्वार

तात्या, हा आरोप 'सामना'पेक्षा 'सिंहासन'वर जास्त बसतो. १९७९, पुन्हा जब्बार पटेल-तेंडुलकर, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर. आणि तिथे गंमत बघा: भूमिका फिरल्या. आता सत्तेच्या मागे लागलेला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे लागू, आणि सगळं बघून आतून संपत चाललेला पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. दिगू कोणाला प्रश्नसुद्धा धड विचारत नाही. बघतो, ऐकतो, सिगारेट ओढतो. त्याला ध्येयवादी म्हणायचं का, हाच वाद आहे.

लिंबलोण

म्हणायचं. ज्याला कशाचीच आशा नव्हती तो शेवटी तसा हसत नाही. मुख्यमंत्री खुर्ची टिकवतो, कालचे शत्रू आज एका ओळीत बसतात, आणि दिगू रस्त्यावर भिकाऱ्याबरोबर वेड्यासारखा हसत सुटतो. ('सिंहासन'चा शेवट फोडू नका असं शेवगाने म्हटलेलं नाही, तेव्हा चालतं.) इतकी वर्षं त्याने कुठेतरी धरून ठेवलेलं असणार, त्याशिवाय सुटलं काय?

तिरकस_तात्या

दिगू मला मान्य. तो कोणाच्या वाड्यावर राहत नाही, पगारावर राहतो. भाडं भरतो.

शेवगा

तात्यांच्या ध्येयवादात भाड्याची पावती जोडावी लागते, याची नोंद घेतली आहे.

गंभीरपणे: मला वाटतं आपण मास्तरकडे पात्रता परीक्षक म्हणून बघतोय. काय काम केलं, किती प्याला, कोणाचं खाल्लं. आणि हिंदुरावला नेमकं हेच हवं असतं. प्रश्न विचारणारा कसा नालायक आहे हे ठरलं की प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. तो मास्तरला वाड्यावर ठेवून घेतो ते प्रेमाने असेल, एकटेपणाने असेल, पण त्यात हाही हिशेब आहे: माझं खाल्लेला माणूस माझ्याबद्दल काय बोलणार? आणि मास्तर खाऊनही बोलतो. सिनेमा तिथे आहे, माझ्यापुरता.

हा सिनेमा आधी फारसा चालला नव्हता. १९७५च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, मग आपल्याकडच्या लोकांनी मान वळवली. म्हणजे मास्तर न आवडण्याची परंपरा आमच्या गच्चीपेक्षा जुनी आहे.

अनागर

शेवगाताई, पात्रता परीक्षेचा मुद्दा चांगला आहे. आता तो ऊसकरींना लावू. प्रश्न मास्तरचा नको, माझा घ्या. मी प्यायलेलो नाही, वाड्यावर राहत नाही, भाडं भरतो (तात्या, नोंद घ्या).

ऊसकरी, तुम्ही लिहिलंत: सभासदाचा शेअर आला, तोड आली, उचल आली. खरं आहे. तुमच्या घरात कोणी कारखान्यात नोकरीला असेल तर विचारा, त्या काळात तिथे कांबळे किती होते, कुठल्या खात्यात होते, आणि सभासद किती. टोमणा नाही. मला खरंच ऐकायचं आहे, कारण आमच्याकडच्या आठवणी उसाच्या फडातल्या आहेत, ऑफिसातल्या नाहीत.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न संपले. आता नीट वाचतो.

झुंजूमुंजू

सावकाश बघितला. मास्तरबद्दल मत फार बदललं नाही, पण हिंदुराव आणि तो दोघंच बोलत बसतात ते भाग दीडपट वेगात कळलेच नव्हते. त्या दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही! शत्रुत्वापेक्षा मला ती मैत्रीच जास्त भीतीदायक वाटली. त्यावर कोणी का लिहीत नाही?

पायवाट

लिहिते. बाबांचे सगळ्यात लांबलेले, सगळ्यात रंगलेले फोन ज्या साहेबांविरुद्ध मोर्चे काढायचे त्यांच्याशीच असायचे. बाकी कोणाला त्यांचे संदर्भच कळायचे नाहीत. साहेबांनाही बाबांशिवाय कोणी तोंडावर काही बोलणारं उरलं नव्हतं. आईला याचा भयंकर संताप यायचा.

ऊसकरी

अनागर, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण वडिलांना विचारायचं होतं. ते टाइम ऑफिसात होते, हजेरीपट त्यांच्याच हातात असायचा.

सांगितलं ते असं. कांबळे गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकतात तिथं, होते, बॉयलरच्या राखेवर होते, मळीच्या टाकीची साफसफाई त्यांच्याकडं, आणि रात्रपाळीचे वॉचमन. हंगामी जास्त, कायम कमी. ऑफिसात एकच, तोही राखीव जागा भरायचं पत्र आल्यावर, आणि त्याचं टेबल व्हरांड्याकडं होतं. सभासद त्यांना एकही आठवला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, शेअरला ऊस लागतो, उसाला पाणी लागतं, पाण्याला पाटाखालची जमीन लागते. जमीन कोणाकडं होती?

मग त्यांना सिनेमा लावून दिला. हिंदुरावचं काही बोलले नाहीत. मास्तरचंही नाही. मारुतीचं नाव आलं तसे म्हणाले, बंद कर, आमच्या हंगामातलाच एक वॉचमन आठवतो मला. नाव, साल मी विचारलं. ते मात्र अजून सांगत नाहीयेत. विचारत राहतो.